‘ॲप क्रॅश्ड’ की ‘ॲप क्रॅशेस’: साध्या वर्तमानकाळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सॉफ्टवेअर टेस्टरचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. टेस्टरचं काम सांगायला सोपं असतं: ॲप वापरून बघायचं, कुठे बिघडतं ते शोधायचं आणि त्याचं टिकेट, म्हणजे त्या बिघाडाची लेखी तक्रार, लिहायचं. या बाई शोधण्यात तरबेज होत्या. टिकेट मात्र इंग्रजीत लिहावं लागे. ते वाचणारा डेव्हलपर दुसऱ्या देशात बसलेला असे आणि त्याचा दिवस सुरू होईपर्यंत यांचा संपत आलेला असे. फोन उचलून ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असं विचारायची सोय नव्हती. टिकेटात जे लिहिलंय त्यावरच काम चाले.

शाळेत त्यांनी इंग्रजीचे बाराही काळ पाठ केलेले होते. ‘सिंपल प्रेझेंटमध्ये ही, शी, इट असेल तर क्रियापदाला एस’ हा नियम त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. तरी त्यांच्या मॅनेजरने त्यांना माझ्याकडे इंग्रजी शिकायला पाठवलं ते ‘ग्रामर कच्चं आहे’ या शेऱ्यासह.

अडचण

निमित्त झालं एका टिकेटाचं. त्यात दोनच वाक्यं होती: ‘द ॲप क्रॅश्ड व्हेन आय प्रेस्ड सेव्ह. आय चेक अगेन.’

त्यांच्या मनातलं मराठी असं होतं: सेव्ह दाबलं की ॲप बंद पडतं, मी पुन्हा तपासते. म्हणजे बिघाड दर वेळी होतोय, आणि आणखी एकदा तपासून मी कळवणार आहे.

डेव्हलपरने वाचलं ते वेगळंच. ‘क्रॅश्ड’ म्हणजे एकदा घडलं आणि संपलं. ‘आय चेक अगेन’ हे वाक्य इंग्रजीत अधांतरी आहे; त्याचा अर्थ त्याने ‘पुन्हा तपासलं’ असा लावला. त्यापुढे काही लिहिलेलं नाही, म्हणजे दुसऱ्यांदा काही झालं नसावं. त्याने स्वतः एक नवी नोंद करून सेव्ह दाबून पाहिलं, सगळं सुरळीत चाललं, आणि ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ (माझ्याकडे तसं घडत नाही) असा शेरा मारून त्याने टिकेट बंद केलं. प्रत्यक्षात बिघाड फक्त फाइल जोडलेल्या जुन्या नोंदींवर होत होता. तो तसाच पुढे गेला आणि वापरणाऱ्यांनाच सापडला.

दोष सगळा काळाचा होता असं मी म्हणणार नाही. कोणत्या नोंदीवर बिघाड झाला हे टिकेटात नव्हतं, आणि डेव्हलपरनेही एक प्रश्न विचारायला हरकत नव्हती. पण ‘द ॲप क्रॅशेस व्हेन आय प्रेस सेव्ह’ असं वाक्य समोर असतं, तर एका प्रयत्नावर टिकेट बंद करणं त्याला जड गेलं असतं. ‘क्रॅशेस’ म्हटलं की दावा होतो: असं केलं की असं होतंच. तो दावा खोटा ठरवायचा तर निदान ‘माझ्याकडे होत नाही, तुझ्याकडे नेमकं कशावर होतंय?’ एवढं तरी विचारावं लागतं. ‘क्रॅश्ड’मध्ये असा दावाच नसतो.

त्यांची जुनी टिकेटं आणि मेल काढून वाचल्यावर लक्षात आलं की मॅनेजरला खुपणारी चूक एक होती आणि गोंधळ घालणारी दुसरीच. मॅनेजरला दिसत होता गळलेला ‘एस’: ‘द बटन वर्क’, ‘द पेज लोड स्लोली’. ही वाक्यं कानाला खटकतात, पण त्यांचा अर्थ कोणी चुकीचा लावत नाही. खरा घोळ तिथे होता, जिथे व्याकरण बिनचूक होतं आणि काळ भलताच. अशी वाक्यं कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, कारण त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही दिसत नाही.

हा घोळ येतो कुठून, ते त्यांच्याच वाक्यांत सापडलं. ‘दाबलं की बंद पडतं’ या आपल्या रचनेत पहिलं क्रियापद भूतकाळी रूपात असतं, तरी अर्थ नेहमीचा असतो. ते रूप तसंच इंग्रजीत उतरलं की ‘व्हेन आय प्रेस्ड’ होतं, आणि मग मागचं क्रियापदही त्याच्या ओढीने ‘क्रॅश्ड’ होतं. ‘मी तपासते’ तर आपल्याकडे तीन कामं करतं. ‘मी रोज तपासते’ ही सवय, ‘थांब, तपासते’ हे आश्वासन, आणि ‘काय करतेस?’ला ‘तपासते’ हे चालू काम. इंग्रजी या तिघांना तीन वेगळ्या खोल्या देते: ‘आय चेक’, ‘आय विल चेक’, ‘आय ॲम चेकिंग’. मराठीत संदर्भावर सोडून देता येणारी निवड इंग्रजीत क्रियापदावरच करून टाकावी लागते.

पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: व्याकरणाचं पुस्तक घ्यायचं आणि साधा वर्तमानकाळ पहिल्यापासून सोडवून घ्यायचा. रिकाम्या जागा भरा, नकारार्थी करा, प्रश्नार्थी करा. मॅनेजरला हेच अपेक्षित होतं. पण रिकाम्या जागेच्या प्रश्नात काळ कोणता हे वरच लिहिलेलं असतं. विद्यार्थ्याला फक्त रूप भरायचं असतं. या बाई अशा चाचणीत सहज उत्तम गुण मिळवत होत्या. जो निर्णय त्यांना टिकेटात जमत नव्हता, तो निर्णय सराव-पुस्तक त्यांच्याकडून मागतच नव्हतं.

दुसरा पर्याय म्हणजे व्याकरण तपासणारं साधन. ‘द बटन वर्क’खाली ते लाल रेघ ओढतं, आणि तेवढ्यापुरतं ते उपयोगीच आहे. ‘द ॲप क्रॅश्ड’खाली ते काय ओढणार? वाक्य शुद्ध आहे. ॲप दर वेळी पडतं की एकदाच पडलं, हे फक्त लिहिणारीला ठाऊक.

तिसरा पर्याय टेस्टरनेच सुचवला: ‘मॅडम, मला ठरावीक वाक्यंच लिहून द्या, मी त्यात शब्द भरते.’ कामाच्या इंग्रजीत साचे वाईट नसतात. टिकेटाच्या ‘अपेक्षित निकाल’ या रकान्यात तर वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: ‘अ मेसेज अपिअर्स’, ‘द पेज रिफ्रेशेस’. पण साचा निवडायलाही आधी अर्थ ठरवावा लागतोच. चुकीचा साचा निवडला तर चूक आणखी आत्मविश्वासाने लिहिली जाते.

चौथा पर्याय भाषेचा नव्हताच. टिकेटाच्या फॉर्मवर ‘किती वेळा होतं?’ असा रकाना ठेवायचा. मँटिससारख्या बग ट्रॅकरमध्ये (बिघाडांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असा रकाना असतो: नेहमी, कधी कधी, करून पाहिलं नाही, वगैरे. यांच्या टीमच्या फॉर्मवर तो नव्हता. खरं सांगायचं तर, दोन दिवसांत फरक पाडू शकणारा पर्याय हाच होता. मी तो मॅनेजरला कळवला, पण फॉर्म बदलणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. शिवाय रकाना टिकेटापुरता; मेलमध्ये आणि रोजच्या कॉलवर तो कुठून आणणार?

शेवटी जे ठरलं ते असं: आधी अर्थाची निवड, सोबत मोजके साचे, आणि ‘एस’ नंतर.

‘एस’ मागे का ठेवला

या निर्णयावर मॅनेजरशी बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: गळलेला ‘एस’ वाचणाऱ्याच्या मनात लिहिणारीची किंमत कमी करतो. पण माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या.

एक, हा ‘एस’ अर्थाला फारसा लागत नाही. कर्ता समोर असतोच. ‘शी वर्क’ म्हटलं तरी कोण काम करतं ते कळतं. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या बोलीत तर तो कित्येकांच्या तोंडी नसतोच. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या नॉरिच शहराच्या अभ्यासात हे नोंदवलेलं आहे. तिथल्या लोकांचं एकमेकांना समजणं त्यामुळे अडलेलं नाही. (कार्यालयीन लेखनात तो गाळलेला चालतो असा याचा अर्थ नव्हे, हेही मी मॅनेजरना लगेच सांगितलं.)

दोन, तो उशिरा बसतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन इंग्रजीभाषक मुलांच्या भाषेची वाढ टिपली, ती १९७३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांनी तपासलेल्या चौदा रूपांत ‘आयएनजी’ सगळ्यांत आधी आलं. अनेकवचनाचा ‘एस’ लवकरच आला. क्रियापदाचा ‘एस’ मात्र पार मागे राहिला. ध्वनी तोच, तरी कामाप्रमाणे इतका फरक. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना वेळ लागतो, तर नियम पाठ असूनही मोठ्या माणसाच्या हातून तो निसटला यात नवल नाही.

आपल्या बाबतीत एक वेगळीच गंमत आहे. क्रियापदाने कर्त्याप्रमाणे बदलणं मराठी माणसाला नवं नाही. जातो, जाते, जातोस, जातात: आपण तर पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणे रूप बदलत असतो. मग एक ‘एस’ का जड जावा? मला वाटतं, तो एकटा असतो म्हणूनच. मराठीत प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं, म्हणून लक्ष सतत जागं असतं. इंग्रजीत सगळीकडे क्रियापद उघडं आणि एकाच घरात शेपूट. तिथे पोचेपर्यंत लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

काय केलं

सुरुवात एका प्रश्नाने केली. टिकेट लिहायच्या आधी मराठीत स्वतःला विचारायचं: हे दर वेळी होतं, एकदाच झालं, की सध्या चालू आहे? उत्तर मिळाल्याशिवाय इंग्रजी क्रियापद लिहायचं नाही. दर वेळी असेल तर ‘क्रॅशेस’. एकदाच दिसलं असेल तर ‘क्रॅश्ड’, आणि सोबत ‘वन्स’ लिहूनच टाकायचं. सकाळपासून त्रास सुरू असेल आणि कधी थांबेल माहीत नसेल तर ‘इज क्रॅशिंग’. या तिसऱ्यात डेव्हलपरला सर्व्हरचा, नेटवर्कचा, आज नव्याने बदललेल्या कशाचा तरी वास येतो आणि तो तिकडे शोधायला लागतो. म्हणून तेही उगाच लिहायचं नाही.

मग त्यांचीच जुनी टिकेटं समोर ठेवली. शुद्ध करायला नव्हे. प्रत्येक वाक्य वाचून ‘डेव्हलपरला यावरून काय वाटेल?’ हे मराठीत लिहायला सांगितलं. हा सराव त्यांना आवडला, कारण टेस्टरचा स्वभावच असा की वस्तू कुठे मोडते ते बघायचं. स्वतःची वाक्यं त्या ॲपसारखी तपासू लागल्या.

‘व्हेन’ आणि ‘इफ’चा वेगळा दिवस काढावा लागला. टेस्ट केस, म्हणजे ‘काय केलं की काय व्हायला हवं’ याची तपासणीची टिपणं, लिहिताना त्यांच्याकडून दोन प्रकार होत. एकदा ‘व्हेन द यूजर क्लिक्ड सबमिट, अ मेसेज अपिअर्स’, तर एकदा ‘व्हेन द यूजर विल क्लिक सबमिट’. पहिल्यामागे ‘दाबलं की’, दुसऱ्यामागे ‘दाबेल तेव्हा’. दोन्ही मराठीत निर्दोष. इंग्रजीत मात्र ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अंटिल’, ‘ॲज सून ॲज’ यांच्या पोटवाक्यात पुढे घडणारी गोष्टसुद्धा साध्या वर्तमानकाळात जाते: ‘व्हेन द यूजर क्लिक्स सबमिट, अ मेसेज अपिअर्स.’ ‘आय विल अपडेट यू व्हेन द बिल्ड इज रेडी’. इथे ‘विल’ एकदाच, मुख्य वाक्यात. हे एवढं बसल्यावर त्यांच्या टेस्ट केस वाचायला एकदम हलक्या झाल्या.

आश्वासनांसाठी साचा दिला: स्वतः काही करणार असाल तर ‘आय विल’. ‘आय चेक अँड अपडेट’ बंद.

स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांची यादी लांबलचक असते, पण त्यांच्या कामाला लागणारी थोडीच होती. ‘आय ॲम नॉट हॅविंग ॲक्सेस’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग धिस स्टेप’, ‘द फील्ड इज कंटेनिंग ओल्ड डेटा’. ‘माझ्याकडे ॲक्सेस नाहीये’, ‘मला कळत नाहीये’ असं आपण सर्रास म्हणतो, त्यामुळे ‘आयएनजी’ लावायचा मोह होतो. इंग्रजीत असणं, कळणं, हवं असणं, माहीत असणं ही सहसा कृती धरत नाहीत, म्हणून ‘आय डोंट हॅव ॲक्सेस’, ‘आय डोंट अंडरस्टँड’, ‘द फील्ड कंटेन्स’. पण ‘हॅव’ला कायमची बंदी घालायची नाही: ‘वी आर हॅविंग अ कॉल’ चालतं, कारण कॉल ही कृती आहे.

‘एस’ शेवटी घेतला आणि त्यात एक अनपेक्षित गोष्ट सापडली. त्यांनी कुठेतरी वाचलेला ठोकताळा असा होता की ‘एस’ एकाच ठिकाणी: कर्त्याला असेल तर क्रियापदाला नाही. ‘यूजर्स क्लिक’, ‘द यूजर क्लिक्स’. बहुतेकदा हे बरोबर येतं. पण त्यांच्या टिकेटांत ‘द प्रोसेस स्टॉप’, ‘द स्टेटस चेंज’ अशी वाक्यं पुन्हा पुन्हा येत होती, आणि ‘द बटन वर्क्स’ हल्ली बरोबर येत होतं. ‘प्रोसेस’, ‘स्टेटस’ या शब्दांच्या शेवटी मुळातच ‘स’ ऐकू येतो. ठोकताळ्याने त्यांना सांगितलं की कोटा संपला. ठोकताळा बदलून प्रश्न दिला: वस्तू एक की अनेक? शेवटचं अक्षर बघायचंच नाही.

‘डझ नॉट ओपन्स’ ही चूक एका बैठकीत गेली. ‘डझ’मध्ये तो प्रत्यय आधीच आलेला आहे, आता क्रियापद मोकळं. उच्चाराकडे थोडा वेळ दिला: ‘स्टॉप्स’मध्ये शेवटी स, ‘लोड्स’मध्ये झ, आणि ‘क्रॅश’, ‘रिफ्रेश’, ‘क्लोज’ यांच्यामागे पूर्ण ‘इझ’. ‘क्रॅशेस’ दोन अवयवांत म्हणायला लागल्यावर लिहितानाही ते आठवू लागलं.

निष्पत्ती

टिकेटं परत येण्याचं प्रमाण कमी झालं, असं मॅनेजरने सांगितलं. डेव्हलपरच्या शेऱ्यांचा सूर बदललेला मी स्वतः वाचला. पूर्वी ‘प्लीज क्लॅरिफाय’ असे, आता ‘ऑन विच रेकॉर्ड?’ असा नेमका प्रश्न येऊ लागला. काही काळाने फॉर्मवर ‘किती वेळा होतं’ हा रकानाही आला. त्यामुळे सुधारणेतलं किती श्रेय शिकवण्याचं आणि किती रकान्याचं, हे वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, टिकेटांपुरतं मोठं श्रेय रकान्याला जावं.

मधल्या काळात मात्र उलटा झोका गेला. साधा वर्तमानकाळ हाताशी आला तसा तो सगळीकडे पसरला. रोजच्या कॉलवर त्या म्हणाल्या, ‘आय वर्क ऑन द लॉगिन मॉड्यूल.’ सांगायचं होतं ‘सध्या लॉगिनवर काम चालू आहे’. ऐकणाऱ्यांना वाटलं की लॉगिन मॉड्यूल कायमचं यांच्याकडे दिलंय, आणि त्याचे प्रश्न यांना येऊ लागले. इथे ‘आय ॲम वर्किंग’च हवं होतं. आधी ‘आयएनजी’ जास्त म्हणून टोकलं गेलेलं असल्यामुळे त्या ते टाळू लागल्या होत्या. हे निस्तरायला पहिल्या घोळाइतकाच वेळ गेला.

‘धिस एरर कम्स सिन्स मंडे’ अजूनही अधूनमधून येतं. ‘सोमवारपासून येतोय’ याला इंग्रजी ना साधा वर्तमानकाळ देते ना चालू. ‘हॅज बीन कमिंग’ लागतं, आणि त्यासाठी पूर्ण वर्तमानकाळात शिरावं लागतं. ते आम्ही ठरवूनच बाहेर ठेवलं होतं. बोलताना ‘एस’ गळतो. लिहिताना क्वचित.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

साधा वर्तमानकाळ एकटा शिकवायला घेऊ नये, असं माझं आता मत आहे. ‘क्रॅशेस’चा अर्थ ‘क्रॅश्ड’ आणि ‘इज क्रॅशिंग’ शेजारी उभे राहिल्यावरच दिसतो. प्रश्नात तिन्ही होते, पण सरावाचा भर एकावर राहिला आणि झोका उलटा गेला. तिन्ही रूपांना पहिल्या दिवसापासून सारखा वेळ देता आला असता.

दुसरी गोष्ट, ‘वाचणाऱ्याला काय वाटेल’ हे आम्ही दोघी अंदाजाने ठरवत होतो. डेव्हलपरला महिन्यातून एकदा काही वाक्यं पाठवून ‘यावरून तू काय करशील?’ एवढं विचारलं असतं, तर अंदाज तपासता आला असता. कदाचित ‘इज क्रॅशिंग’ वाचून तो सर्व्हरकडे बघतो हेही आमचं गृहीतकच असेल. एखादा नाहीही बघत.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. शेवटच्या बैठकीत त्यांनी डेव्हलपरचा एक मेल दाखवला: ‘द रिलीज गोज आउट ऑन फ्रायडे.’ त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढच्या गोष्टीला ‘विल’ असं मी शिकवलं, मग हा माणूस भविष्यकाळ साध्या वर्तमानकाळात कसा लिहितो? उत्तर असं की वेळापत्रकाने ठरलेल्या गोष्टी इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात जातात: गाडी सुटते, बैठक सुरू होते, रिलीज जातं. ‘मी तपासते’ हे कोणाच्या वेळापत्रकात नसतं, ते बोलताना केलेलं आश्वासन असतं, म्हणून तिथे ‘विल’. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ‘मग माझी रोजची सहाची टेस्ट रन? ती तर ठरलेली आहे.’ ‘द टेस्ट रन स्टार्ट्स ॲट सिक्स’ बरोबरच आहे, असं मी सांगितलं. मात्र ‘आय स्टार्ट द टेस्ट रन ॲट सिक्स’ म्हटलं तर ऐकणारा ते आजच्या संध्याकाळचं धरेल की रोजचं, हे आधीच्या वाक्यावर अवलंबून राहील. त्यामुळे तिथे ‘टुडे’ किंवा ‘एव्हरी डे’ लिहायचं, एवढ्यावर तूर्त थांबलो आहोत.